जन्माच्या ओळीतलं नाव

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनालाही मी हेच सांगत असते. मागं भिंतीला टेकलात तर शब्द ऐकू येतील, पण गाता गाता बुवांनी मधेच घेतलेला श्वास ऐकू येणार नाही. आज एक कथा सांगते. तिला पूर्वरंग नाही, निरूपण नाही, नुसता उत्तररंगच आहे. आवाज चढवून सांगण्यासारखी ती नाही, म्हणून म्हटलं जवळ या.

आमच्या यांचं, गुरुसिद्धप्पांचं, सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं दुकान. पेठेतून मठाकडे वळलं की दारातच उजव्या हाताला एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर पांढऱ्या तेलरंगानं तीन शब्द कायमचे रंगवलेले: घटना, जन्म, मृत्यू. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, दुकान उघडायच्या आधी हे तिथं दिनविशेष लिहायचे. आज कोणती लढाई झाली, कोण जन्मलं, कोण गेलं. अक्षर असं की पाट्या रंगवणाऱ्यानं पाहून घ्यावं. गिरणीची रात्रपाळी संपवून घरी जाणारे विणकर सायकलवरून एक पाय टेकवून वाचायचे. समोरचा चहावाला संगप्पा रोज ओरडून विचारायचा, "काय गुरुसिद्धप्पा, आज कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," हे न वळता म्हणायचे, "तुझा चहा प्यायलेले सगळे बाहेर पडू देत, मग लिहितो."

आमच्या मठाची एक रीत होती. दुसरीकडे कुठं मी ती पाहिली नाही. दिवेलागणीला विरुपाक्षबुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी फळ्यावरची नावं वाचायचे. गेलेल्यांचं नाव घेतलं की सगळे कपाळाला भस्म लावून एका आवाजात 'शरणु', म्हणजे शरण आलो, म्हणायचे. जन्मलेल्याचं नाव आलं की मंडपाच्या तुळईला टांगलेला पाळणा हलायचा. त्याची दोरी माझ्या हातात असे. मी पाळण्यावर वाकून, घरच्या बारशाला करतात तसं 'कुर्र' करून नाव सांगायची, मग बुवा पाळणा म्हणायचे, फुलं उधळायची, शेवटी सुंठवडा वाटायचा. पाळण्यात असायचा एक नारळ, झबलं घातलेला. थोरामोठ्यांना आम्ही दरवर्षी नव्यानं जन्माला घालत होतो आणि दरवर्षी नव्यानं निरोप देत होतो. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मला तर तो सोहळा फार आवडायचा.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. तारीख बारा. सोलापुरात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. गावचे चौघे इंग्रजांच्या राज्यात याच दिवशी येरवड्याला फासावर गेले. शिवाय सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. नंदीध्वजाच्या मानकऱ्यांना पांढऱ्या बाराबंद्या शिवायच्या असतात, त्यामुळं दुकानात उभं राहायला जागा नसायची. मी मठाच्या दारात रांगोळी घालत होते. हे फळ्याशी. मृत्यूच्या ओळीत चौघांची पूर्ण नावं मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिली होती: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ओळ अगदी कडेपर्यंत भरली होती. जन्माच्या ओळीत एकटे स्वामी विवेकानंद, पुढं सगळी मोकळी जागा.

माझ्या मागं एक बाई येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, पायात काही नाही. मंद्रूपच्या बाजूची असावी हे बोलीवरून कळलं.

"दादा, मेलेल्या मानसांची नावं हितंच लिवतात न्हवं?"

"हो. का?"

"माझ्या बाळीचं लिवा की. बाळाबाई. बाळाबाई बिरप्पा."

हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हे थोरांचं असतं, बाई."

"थोर म्हंजे?"

"देशासाठी गेलेले."

"ती बी सरकारच्याच रस्त्यावर गेली की."

मग तिनं सांगितलं. नाव गोजाबाई. मेंढरं दुष्काळात संपली, नवरा उरलेली चार जनावरं घेऊन चाऱ्यामागं गेला तो परतला नाही. ती लेकीला घेऊन खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. लेक सहा-सात वर्षांची, फोडलेली खडी पाटीत भरायची. मागच्या वर्षी याच दिवशी खडीचा ढीग घसरला आणि लेक त्याखाली गेली. त्या चौघांचा दिवस म्हणून सकाळी मुकादमानं सगळ्यांना उभं करून जयजयकार करायला लावला होता, म्हणून तिला दिवस पक्का ठाऊक.

"हजेरीत तिचं नाव न्हवतं," ती म्हणाली. "लहान म्हणून घेतलं न्हवतं. सायेब आला, म्हटला, अशी कुणी कामावर नव्हतीच. कुटंच न्हाय बघा तिचं नाव. एकदा लिवा. म्या बघते आन् जाते. गड्ड्यावर न्हेते म्हणून कबूल केल्तं तिला, म्हणून आली हितवर."

यांनी मृत्यूच्या ओळीकडे पाहिलं. तिथं बोटभरही जागा नव्हती. चौघांतलं एखादं नाव पुसून लहान करायचं तर मन होईना, आणि पेठेतून दुकानाचा नोकर हाक मारत होता. यांनी खडू उचलला आणि जन्माच्या ओळीत, मोकळ्या जागेत, सुबक अक्षरात लिहिलं: बाळाबाई बिरप्पा.

"कुटं लिवलं?"

यांनी बोट दाखवलं. तिनं हात नावाजवळ नेला, पण लावला नाही. "आता ऱ्हाईल तिचं," म्हणाली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "अहो, ही ओळ..."

"तिला कुठं वाचता येतंय गिरिजा? नाव आलं ना, तिचं समाधान झालं. दुपारी येऊन पुसतो."

दुपारी गिऱ्हाइकांची रांग लागली. पुसायचं राहिलं.

संध्याकाळी मंडप भरला. बुवांनी झांज वाजवून फळा वाचायला घेतला. विवेकानंदांच्या आईनं काशीच्या वीरेश्वराला कसं साकडं घातलं, ते त्यांनी इतकं रंगवलं की माझे डोळे भरून आले. आणि मग ते आनंदानं म्हणाले, "आणि आज त्यांच्या जोडीला आणखी एक जीव आलाय हो. बाळाबाई. कुणा भक्ताघरी लक्ष्मी आली म्हणायची."

लोक हसले, टाळ वाजले. मी यांच्याकडे पाहिलं. हे खांबाशी बसले होते. उठायला हवं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, की बुवा, माझी चूक झाली. यांनी मान खाली घातली आणि धोतराच्या काठावरचा खडूचा डाग नखानं खरवडत राहिले.

बुवांनी मला खूण केली. मी पाळण्यावर वाकले, 'कुर्र' केलं, नाव सांगितलं.

पाळण्याला झोका दिला तेव्हा मागच्या बायकांत कुणीतरी उठून उभं राहिलं. घोंगड्यावरून ओळखलं. सगळा मंडप पाळणा म्हणत होता, पण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मोठा नव्हता. शेजारणीनं आपल्याला न विचारता काही उचलून नेलं तर बोलतात, तसा होता.

"निजली होती की ती. कशाला उठवली?"

मी पुन्हा पाहिलं तेव्हा ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा उतरवायला गेले. रोज एका हातानं उतरवायची. त्या दिवशी दोन्ही हात लावावे लागले. नारळ बाजूला ठेवला तर खाली दुपट्यावर करड्या रंगाची बारीक कच पडलेली. मी मनाला सांगितलं, जत्रेची धूळ असेल, तुळईचा चुना असेल. चुना पांढरा असतो, हे मला ठाऊक होतं.

फळ्यावर यांनी नवा दिनविशेष लिहिला. ओला फडका वाळला तशी जन्माच्या ओळीत जुनी अक्षरं वर आली. खडू दाबून लिहिला की रंगावर ओरखडा राहतो, त्यात नवल नाही. यांनी काजळी आणि डिंक कालवून फळा पुन्हा काळा केला. वाळल्यावर नाव होतंच. फळ्यावर आजवर हजारो नावं लिहिली होती, तीही अशीच दाबून. त्यातलं एकही वर आलं नाही.

मग उन्हाळा लागला. दुपारी पेठ झोपली की मठाच्या मागच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा. ठक्, ठक्. हातोडीखाली दगड फुटतो तसा, पण हलका. हातोडी धरणाऱ्याला ती पेलत नसावी असा. मी जाऊन पाहून आले. मागं नुसतं मोकळं परडं, एक बाभूळ आणि तिच्या सावलीत पसरलेलं कुत्रं. ते कान टवकारून रिकाम्या जागेकडे बघत होतं.

हे जेवणावरून अर्ध्यात उठायला लागले. विचारलं की म्हणायचे, घासात कच लागते. मी तांदूळ पुन्हा पुन्हा निवडले. तरी पहिल्या घासाला यांच्या दाताखाली कच वाजायची. मला समोर बसून ऐकू यायची. माझ्या ताटात कधी लागली नाही.

दिवाळी झाल्यावर हे म्हणाले, "मंद्रूपला जाऊन येऊ."

बाजारचा दिवस होता. विचारत विचारत, गावाबाहेर माळावर गोजाबाईचं खोपट सापडलं. ती चुलीपाशी होती. आम्हाला पाहून उठली नाही, की ओळख नसल्यासारखंही केलं नाही.

"या. बसा. तुमीच उशीर केला."

दाराशी खडीचा ढीग होता. माळावर तसे दगड पुष्कळ, पण ही फोडलेली खडी होती, एकसारखी, ताज्या कडा उन्हात चमकत होत्या. तिच्यासमोर दोन ताटल्या. एकीतली भाकरी मोडलेली, दुसरीतली तशीच.

"गोजाबाई," हे म्हणाले, "माझ्या हातनं चूक झाली."

"चूक बिक मला कळत न्हाय. ती आलीया. त्याच रातीपास्नं हितं हाय." भाकरी थापता थापता ती बोलत होती. "पयल्या दिशी लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्या भाकरी वाढली, डोस्क्याला तेल काढून ठिवलं. पर ती आई म्हणत न्हाय मला. एवढंच इचारती, किती झाली?"

"काय किती झाली?" मी विचारलं.

"खडी. किती झाली, आन् किती ऱ्हायली. खात न्हाय, निजत न्हाय. वर्स झालं काम बंद पडून, मुकादम गेला, रस्ता बी झाला. पर तिला कोण सांगणार? म्या सांगते, बाळे, पुरं झालं आता. माझं ऐकत न्हाय. तिला वाटतं आईला मजुरी मिळंना म्हणून आई थांब म्हणती."

खोपटामागून आवाज आला. ठक्, ठक्.

गोजाबाईनं मान वळवून हाक दिली, "बाळे, ह्ये बग, तुझं नाव लिवणारं दादा आल्यात."

आवाज थांबला.

माळावर वारा नव्हता. ढिगावरून एक खडी घरंगळली, मग तिच्यालगतची दुसरी, खाली येत येत यांच्या चपलेला लागली. यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ज्यानं उठवली त्येनंच निजवाय पायजे," गोजाबाई म्हणाली. "तिचाच दिस धरून. एवढं करा. माझी पोर लई दमलीया."

पंच्याहत्तरची बारा जानेवारी आली. यांनी दुकान उघडलंच नाही. संगप्पानं नेहमीसारखं विचारलं, कोण गेलं? यांनी फळा कोरडा केला आणि चौघांची नावं पहिल्यांदाच लहान अक्षरात लिहिली. शेजारी पाचवं लिहिलं.

पाचही नावं त्या ओळीत सहज बसली. शिवाय थोडी जागा उरली.

ती उरलेली जागा हे किती वेळ बघत उभे होते, मी सांगू शकत नाही. खडू हातातच चुरला होता.

संध्याकाळी गोजाबाई आली. मी तिला पुढं, बायकांच्या पहिल्या रांगेत बसवलं. पाळणा टांगलेला होता, विवेकानंदांसाठी. त्यांचं नाव झालं, फुलं पडली. बुवा मृत्यूच्या ओळीकडे वळले, पाचवं नाव पाहून थांबले.

हे उठले. भरल्या मंडपात यांनी सगळं सांगितलं. पुसायचं राहिलं हे सांगितलं, आणि बसून राहिलो हेही सांगितलं. आवाज फार बारीक होता.

त्याच वेळी माझ्या हातातली दोरी ताणली गेली.

मी ओढली नव्हती. पलीकडून ओढली होती.

पाळणा हलत नव्हता, नुसता खाली वाकला होता. दुपटं तळाशी लांब झालं होतं, पाळण्यात न मावणारं कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखं.

हे पाळण्याजवळ गेले. आत पाहिलं नाही. डोळे मिटून वाकले आणि म्हणाले, "बाळाबाई. काम संपलं. रस्ता झाला. तुझी सगळी खडी मोजून घेतली, बाळ."

यांनी पाळण्याच्या काठावर हात ठेवला.

"पुरी भरली," हे म्हणाले.

बुवांनी भस्माचं ताट गोजाबाईपुढं धरलं. तिनं चिमूट घेतली. ती तशीच धरून बसली. मला वाटलं, ती नाही लावणार.

मग तिनं उठून पाळण्याच्या काठाला भस्म लावलं आणि सगळा मंडप हळू आवाजात म्हणाला, शरणु.

दोरी सैल पडली.

आम्हाला वाटलं, आता सुटलो. हे गोजाबाईच्या पाया पडायला वाकले, तर ती मागं सरकली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

"पाया कशाला पडता?" ती म्हणाली. "तुमी बरं केलं. पर म्या दोनदा मातीत घातली की वो तिला. आता घरी जाऊन एकच ताटली मांडायची."

मी सुंठवडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदरात बांधला, कुणासाठी ते मी विचारलं नाही.

फळ्यावरचं जन्माच्या ओळीतलं नाव पुन्हा वर आलं नाही. पण यांनी त्यानंतर फळा लिहिला नाही. आता दुसरं कुणी लिहितं. विरुपाक्षबुवा शिवचरणी गेले, पाळण्याची रीत त्यांच्याबरोबर मोडली. पाळणा आमच्या माळ्यावर आहे, मीच मागून आणला. गोजाबाई गेल्याचं मंद्रूपच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. तेव्हापासून बारा जानेवारीला आम्ही दोघं घरातच नाव घेतो, भस्म लावतो, शरणु म्हणतो.

गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही दोघंही तापानं फणफणलो होतो. नाव घ्यायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा ताप उतरला. घरात शांत होतं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण झोपले नव्हते.

"गिरिजा," हे म्हणाले, "तुला ऐकू येतंय का?"

माळ्यावरून येत होतं. ठक्, ठक्.

मी पलंगावरून उतरले, तशीच शिडीखाली जाऊन नाव घेतलं, काम संपलं म्हणून सांगितलं. आवाज लगेच थांबला नाही. आधी एक बारीक प्रश्न आला, दमलेला. काय विचारलं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

आमची वयं झाली. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. गड्ड्याच्या दिवसांत, चौघांच्या तसबिरींना हार घालाल तेव्हा त्यांच्या मागोमाग तिचंही नाव घ्या: बाळाबाई बिरप्पा. शरणु म्हणा. लहान मूल घरात असेल तर त्या दिवशी पाळणा तेवढा म्हणू नका.

आणि नाव घ्याल ते हळू घ्या. तिला नुकतीच झोप लागलेली असते.